शांतता, मतपेटी आणि नारू

युद्ध कसें करावें हें शिकविणारीं विद्यालयें जगांतील प्रत्येक मोठ्या राष्ट्रांत आहेत. तोफा कशा डागाव्या, सैन्य कसें हलवावें, शत्रूच्या गोटांतील बातमी कशी काढावी, या सर्वांचें शास्त्र तेथें पद्धतशीर शिकविलें जातें. परंतु शांतता कशी राखावी, हें कोणी कोठें शिकवितो काय ? पुष्कळांची समजूत अशी कीं, शांततेस सदिच्छा पुरे. मन निर्मळ असलें म्हणजे झालें. ही समजूत अर्धीच खरी आहे. सदिच्छेवांचून शांततेचें काम आरंभतांच येत नाहीं. पण केवळ तिच्या बळावर तें तडीसहि जात नाहीं. त्या कामाची एक निराळी विद्या आहे. ती विद्या कोणती, ती कोणाजवळ असते आणि तिचा उपयोग कसा होतो, हें एका संस्थेच्या उदाहरणावरून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही संस्था म्हणजे अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत, अटलांटा शहरीं असलेलें 'कार्टर सेंटर' होय. तिचे संस्थापक जिमी कार्टर हे १९७७ पासून १९८१ पर्यंत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष होते. भुईमुगाची शेती करणाऱ्या घराण्यांत १९२४ सालीं त्यांचा जन्म झाला. अध्यक्षपदावर असतांना, १९७८ सालीं, ईजिप्त व इस्राएल या दोन वैरी राष्ट्रांच्या प्रमुखांस कॅम्प डेव्हिड येथें तेरा दिवस ठेवून घेऊन त्यांनीं समेटाचा करार घडवून आणिला. परंतु १९८० च्या निवडणुकींत त्यांचा मोठा पराभव झाला व ते आपल्या प्लेन्स या लहानशा गांवीं परत आले. पराभूत मनुष्यानें उरलेलें आयुष्य विश्रांतींत घालविलें असतें तरी त्यास कोणी दोष दिला नसता. कार्टरसाहेबांनीं मात्र १९८२ सालीं, पत्नी रोझलिन यांच्यासह व एमरी विद्यापीठाच्या सहकार्यानें, ही नफा न घेणारी संस्था स्थापन केली. जगांत शांतता नांदावी, लोकसत्ता दृढ व्हावी व दुर्लक्षित रोगांचा नाश व्हावा, हे तिचे तीन हेतु. २००२ सालीं कार्टरसाहेबांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. रोझलिनबाई २०२३ सालीं व कार्टरसाहेब २०२४ च्या अखेरीस, वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून, निवर्तले. संस्थेचें काम चालूच आहे.

या घराण्याचा आमच्या प्रांताशीं एक जुना धागाहि आहे. कार्टरसाहेबांच्या मातोश्री लिलियनबाई या परिचारिका होत्या. १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, त्या 'पीस कोर' या अमेरिकन स्वयंसेवक दलांतून आपल्या देशांत आल्या आणि मुंबईनजीक विक्रोळी येथें सुमारें दोन वर्षें राहून त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. ज्या वयांत माणसें काठी घेऊन अंगणांत बसतात, त्या वयांत या बाईंनीं समुद्रापलीकडील लोकांची सेवा पत्करिली. पुत्राच्या पुढील कार्याचें एक मूळ येथें असावें, असें आम्हांस वाटतें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. या संस्थेजवळ सैन्य नाहीं, कायदे करण्याचा अधिकार नाहीं, कोणास शिक्षा करण्याची सत्ता नाहीं. तिला बोलावल्यावांचून ती कोणत्याहि देशांत जाऊं शकत नाहीं. मग तिच्याजवळ आहे तरी काय ? आमच्या मतें तिचें सारें सामर्थ्य तीन गोष्टींत आहे : खरी मोजणी, दीर्घकाळ निरीक्षण आणि दोन्ही पक्षांचा विश्वास. या तीन गोष्टी बोलण्यास सोप्या व करण्यास फार कठीण आहेत. त्या कशा कामीं येतात हें पाहावयाचें तर नारूच्या रोगाची कथा ऐकावी.

नारू हें नांव आजच्या मुलांस ठाऊक नसेल. आजोबा-आजींस विचारावें, म्हणजे त्यांच्यापैकीं कित्येकांस तें आठवेल. नारू हा एक कृमि आहे. तळ्यांतील किंवा उघड्या विहिरींतील सांचलेल्या पाण्यांत अतिसूक्ष्म पाणपिसवा असतात. त्यांच्या पोटांत या कृमीचीं पिलें वाढतात. असें पाणी न गाळतां प्यालें, कीं पाणपिसू पोटांतील आम्लानें मरते, पण पिलें जिवंत राहतात व आंतड्याची भिंत भेदून शरीरांत शिरतात. नंतर सुमारें वर्षभर मनुष्यास कांहींच कळत नाहीं. तेवढ्या अवधींत मादी जवळ जवळ तीन फूट लांब वाढते, आणि मग बहुधा पायावर एक फोड येऊन फुटतो व तीतून पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमि डोकावूं लागतो. आग इतकी होते कीं रोगी पाय थंड पाण्यांत बुडवितो. कृमीस हेंच हवें असतें ! पाण्याचा स्पर्श होतांच तो आपलीं लक्षावधि पिलें त्यांत सोडितो, पाणपिसवा तीं गिळतात आणि चक्र पुन्हां सुरू होतें. कृमि ओढून काढावा तर तो तुटून आंत सडण्याचें भय. म्हणून त्यास लहानशा काडीवर गुंडाळीत रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागतो. यांत कित्येक दिवस, केव्हां केव्हां आठवडेहि जातात.

हा रोग सहसा मारीत नाहीं. तो माणसास अंथरुणास खिळवितो. दुर्दैव असें कीं पुष्कळ ठिकाणीं तो पेरणीच्या अगर कापणीच्या हंगामांतच उद्भवतो. बाप शेतावर जाऊं शकत नाहीं, आई पाणी आणूं शकत नाहीं, आणि त्यांचें काम करावयास मुलास शाळेंतून काढावें लागतें. आफ्रिकेंतील माली देशाच्या डोगोन लोकांनीं या रोगाचें नांवच 'रिकाम्या कोठाराचा रोग' असें ठेविलें आहे. एका कृमीमुळें घर उपाशी राहतें व मूल निरक्षर राहतें, हें त्या नांवांत सर्व आलें.

या रोगावर लस नाहीं व त्यास बरें करणारें औषधहि नाहीं. एकदां झाला म्हणजे पुन्हां होणार नाहीं, असेंहि नाहीं. मग त्यावर विजय कसा मिळवावा ? येथें जाणत्या माणसांची दृष्टि उपयोगीं पडली. डॉ. डोनाल्ड हॉपकिन्स या अमेरिकन वैद्यानें सिएरा लिओन देशांत देवीच्या रोगाचें निर्मूलन करण्याचें काम केलें होतें. त्यांच्या ध्यानीं आलें कीं नारूचें चक्र एका ठिकाणीं फार नाजूक आहे. शरीरांतील कृमि वर्षभरांत बाहेर येतोच. तेव्हां एखाद्या गांवांतील लोकांनीं वर्षभर एकहि दूषित घोट प्याला नाहीं आणि एकाहि रोग्यानें पाण्यांत पाय घातला नाहीं, तर त्या गांवापुरतें चक्र तुटलें! त्यासाठीं हवें काय ? पाणी गाळावयास बारीक विणीचें कापड, रोग्यास तळ्यापासून दूर ठेवणारा शेजारी, तळ्यांत टाकावयाचें पाणपिसू-नाशक द्रव्य, आणि शक्य तेथें कूपनलिका. पाणी वस्त्रानें गाळून प्यावें ही शिकवण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. तिच्यांत केवढें शास्त्र दडलेलें होतें हें यावरून कळेल.

१९८६ सालीं कार्टर सेंटरनें या मोहिमेचें पुढारीपण स्वीकारिलें. त्या वेळीं २१ देशांत मिळून दरसाल सुमारें ३५ लाख लोकांस नारू होत असावा असा अंदाज होता. १९८८ सालीं कार्टर पतिपत्नी घाना देशांतील देंचिरा या खेड्यांत गेलीं व त्यांनीं रोग्यांचे हाल स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिले. त्यानंतर हें काम त्यांच्या जिवाचें झालें.

पहिली अडचण मोजणीची. खेड्यापाड्यांतील बहुतेक रोगी कोणाच्या दप्तरांत नव्हते. म्हणून गांवोगांवीं गांवांतीलच एक पुरुष अगर स्त्री निवडून तिला शिकविण्यांत आलें. रोज घरोघर फिरावें, कोणास फोड आला आहे काय तें पाहावें, तो नोंदावा, जखम धुऊन बांधावी, गाळणें फाटलें असेल तर नवें द्यावें, व महिन्याचें पत्रक वर पाठवावें, हें तिचें काम. तिला पुस्तकी विद्या असलीच पाहिजे असें नव्हतें; नोंद खरी असली म्हणजे पुरे होतें. दुसरी अडचण समजुतीची. नारू हा चेटकानें होतो अगर रक्तांतूनच उपजतो, असें पुष्कळ लोक मानीत. आपल्या वाडवडिलांचें तळें दूषित आहे असें परक्यानें सांगितलें तर कोणास राग येणार नाहीं ? तेव्हां स्वयंसेवक वाद घालीत बसत नसत. तळ्यांतील पाणी कांचेच्या भांड्यांत घेऊन भिंगांतून दाखवीत. हलणाऱ्या पाणपिसवा पाहिल्या कीं लोक आपण होऊन गाळणें मागत. अटलांटांत बसलेल्या विद्वानाचें ज्ञान व त्या खेड्यांतील बाईचें ज्ञान हीं दोन्हीं मिळालीं तेव्हांच काम पुढें सरकलें. गांवांत कोण कोणाचें ऐकतें, कोणत्या वाटेनें लोक पाण्यास जातात, कोण आपला फोड लपवितो, हें विद्वानास कोठून ठाऊक असणार ? तें त्या बाईसच ठाऊक. म्हणून तिलाहि आम्ही तज्ज्ञच म्हणतों.

या ठिकाणीं मिशनच्या शाळेंतील वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगतों. १९८६ पासून कांहीं वर्षें या संस्थेचे कार्यकारी संचालक असलेले डॉ. विल्यम फेगी हे तरुणपणीं नायजेरियांत ल्यूथरन मिशनचे वैद्य होते. १९६६ च्या अखेरीस तेथें देवीची साथ उद्भवली आणि लस तर सर्वांस पुरेल इतकी नव्हती. तेव्हां त्यांनीं त्या भागांतील मिशनऱ्यांस बिनतारी यंत्रावरून विचारिलें कीं कोणकोणत्या गांवीं रोगी आहेत तें कळवा. उत्तरें आलीं, नकाशावर खुणा झाल्या, आणि ज्या गांवीं रोगी होते तेथील व त्यांच्या आसपासच्या लोकांसच प्रथम टोंचण्यांत आलें. साथ थांबली. हीच रीत पुढें अन्य देशांत व भारतांतहि उपयोगांत आली, आणि १९८० सालीं जग देवीपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. रोगी नेमका कोठें आहे हें ठाऊक असलें, कीं थोड्या साधनांतहि मोठें काम होतें. नारूच्या मोहिमेचा पायाहि हाच.

आपल्या देशाचें यश येथें सांगितलेंच पाहिजे, व तें आपल्याच लोकांचें आहे. राजस्थान, मध्यप्रदेश, गुजराथ, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र व तामिळनाडू या सात राज्यांत नारू होता. १९८४ सालीं सुमारें ४०,००० रोगी नोंदले गेले. भारत सरकारनें राष्ट्रीय मोहीम आंखून घरोघर शोध घेतला, ज्या पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाय बुडवून पाणी भरीत, त्या बंद करून वरून पोहऱ्यानें शेंदण्याची सोय केली, हातपंप बसविले. १९९६ सालीं राजस्थानांत शेवटचा रोगी आढळला आणि २००० सालीं भारत नारूमुक्त असल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. आमच्या विद्यार्थ्यांस हें नांव अनोळखी वाटतें, याचें कारण हेंच.

आतां वाचक विचारतील, रोगाचा व शांततेचा संबंध काय ? सुदान देशाच्या इतिहासांत याचें उत्तर आहे. तेथें १९८३ पासून उत्तर व दक्षिण यांमध्यें घोर यादवी चालू होती, आणि जेथें गोळ्या उडत तेथेंच नारूचे सर्वांत अधिक रोगी होते. गाळण्याचें कापड घेऊन जाणारा स्वयंसेवक तेथें पोंचणार कसा ? १९९५ च्या मार्च महिन्यांत कार्टरसाहेबांनीं दोन्ही पक्षांस भेटून विनंति केली कीं, तुमचें भांडण मिटेल तेव्हां मिटो. पण या रोग्यांसाठीं कांहीं काळ शस्त्रें खालीं ठेवा. दोन्ही पक्षांनीं तें मान्य केलें. दोन महिन्यांची युद्धबंदी वाढत वाढत जवळ जवळ सहा महिने टिकली. त्या काळांत गाळणीं वांटलीं गेलीं, मुलांस लसी टोंचल्या गेल्या, आंधळेपणा आणणाऱ्या नदीकांठच्या रोगावर औषध दिलें गेलें. 'नारूची युद्धबंदी' या नांवानें ती प्रसिद्ध आहे. तिनें युद्ध संपलें नाहीं. तें पुढें पुष्कळ वर्षें चाललें. तरीहि रोग्याच्या नांवानें शत्रूहि एका शब्दावर येऊं शकतात, एवढें तिनें सिद्ध केलें. दोघांनींहि कार्टरसाहेबांवर विश्वास ठेविला; कारण त्यांस त्या देशांत भूमि नको होती, सत्ता नको होती. असा विश्वास एका दिवसांत मिळत नाहीं.

संस्थेचें तिसरें कार्य निवडणुकांचें निरीक्षण हें होय. शंभरांहून अधिक निवडणुका तिनें पाहिल्या आहेत. निरीक्षक म्हणजे मतदानाच्या दिवशीं येऊन छायाचित्रें काढणारा पाहुणा, असें कोणी समजूं नये. खरें निरीक्षण महिनेंच्या महिनें आधीं सुरू होतें. मतदारांच्या याद्या खऱ्या आहेत काय, सर्व पक्षांस सभा भरवितां येतात काय, मत गुप्त राहतें काय, पेट्या कोणाच्या ताब्यांत असतात व मोजणी कोणासमोर होते, हें सर्व नोंदलें जातें. निरीक्षकास हस्तक्षेप करण्याचा अधिकार नसतो. त्यानें पाहावें, लिहावें आणि पाहिलें तें निर्भयपणें सांगावें. या कामाचे नियम २००५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत अनेक संस्थांनीं मिळून मान्य केले. ते रचण्यांत या संस्थेचा हात होता.

१९८९ च्या मे महिन्यांत पनामा देशांत निवडणूक झाली. तेथील सर्वाधिकारी सेनापति नोरिएगा यांच्या लोकांनीं खोटे आंकडे पुढें केले. परंतु चर्चशीं संबंध असलेल्या स्वयंसेवकांनीं मतदान-केंद्रांवरचे खरे आंकडे आधींच जमविले होते, व त्यांवरून विरोधी पक्ष मोठ्या फरकानें विजयी झाल्याचें दिसत होतें. कार्टरसाहेबांनीं त्याच देशांत, सर्वांसमक्ष, ही निवडणूक लबाडीची असल्याचें सांगितलें. नोरिएगांनीं ती निवडणूकच रद्द केली, व त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेचें सैन्य येईतोंपर्यंत ते सत्तेवर राहिले. निरीक्षकाच्या शब्दानें सिंहासनें पडत नाहींत, हें येथें कबूल केलें पाहिजे. परंतु असत्यास सत्य म्हणून मिरवितां आलें नाहीं, हेंहि थोडें नव्हे.

पुढील वर्षीं, १९९० च्या फेब्रुवारींत, निकाराग्वा देशांत याहून सुखकर प्रसंग घडला. तेथील अध्यक्ष दानिएल ओर्तेगा हे निवडणूक हरले व व्हायोलेता चामोरो या बाई विजयी झाल्या. त्या रात्रीं कार्टरसाहेब ओर्तेगांस भेटले. आपणहि एकदां निवडणूक जिंकली आहे व एकदां हरलीहि आहे, आणि हरल्यानें आयुष्य संपत नाहीं, अशा अर्थाचें त्यांचें सांगणें होतें. ओर्तेगांनीं पराभव मान्य करून सत्ता सोडली. १९८० सालचा तो कडू अनुभव दहा वर्षांनंतर दुसऱ्या राष्ट्राच्या कामीं आला ! जो स्वतः सन्मानानें हरला, त्याच्याच तोंडीं हा उपदेश शोभला.

आतां नारूची कथा पुरी करूं. ३५ लाखांवरून आरंभ झालेली ती संख्या २०२३ सालीं सर्व जगांत १४ वर आली. मग शेवटले चवदा रोगी एका वर्षांत संपले असतील, असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. २०२४ सालीं १५ रोगी आढळले. याचें एक कारण असें कीं, चाड देशांत २०१२ सालीं कुत्र्यांतहि हा कृमि असल्याचें आढळून आलें. टाकून दिलेली कच्ची मासळी खाऊन त्यांस तो होत असावा, असें तज्ज्ञांस वाटतें. म्हणून तेथील लोक आतां माशांचीं आंतडीं पुरून टाकतात, रोगी कुत्र्यास बांधून ठेवितात, व नारूची खबर देणाऱ्यास बक्षीस मिळतें. एका रोग्याच्या मागें किती तरी गांवांत पाळत ठेवावी लागते, आणि खर्च मात्र रोग्यांच्या संख्येबरोबर कमी होत नाहीं. 'आतां थोडेच उरले आहेत, एवढ्यासाठीं इतका व्याप कशाला ?' असें म्हणण्याचा मोह येथेंच होतो. आणि येथेंच हात सैल सोडला तर चाळीस वर्षांची मेहनत पाण्यांत जाईल. एक दूषित तळें व एक निष्काळजी वर्ष, एवढें त्या कृमीस पुरे आहे.

आमच्या विद्यार्थ्यांस यांतून काय घेतां येईल ? तुमच्या वर्गांत मॉनिटरची निवडणूक होते, तेव्हां चिठ्ठ्या मोजण्याचें काम कोणाकडे तरी येतें. मोजणारा आपल्या मित्राच्या बाजूनें एक चिठ्ठी अधिक मोजीत नाहीं, आणि हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं जिंकलेल्याशीं हंसून बोलतो, तर त्या वर्गांत लोकसत्तेचा पहिला धडा झाला असें समजावें. दोन मित्रांचें भांडण मिटविण्यास जाल, तेव्हां आधीं दोघांचेंहि म्हणणें पुरतें ऐकून घ्या. तुमचा स्वतःचा त्यांत लाभ नाहीं अशी दोघांची खात्री झाल्यावांचून तुमचा शब्द चालणार नाहीं. आणि हातीं घेतलेलें काम बहुतेक झालें आहे असें वाटूं लागेल, तेव्हां त्या चाड देशांतील खेडुताची आठवण करा. तो आज सकाळींहि आपल्या कुत्र्याचे पाय तपासून पाहत असेल.